वर्षाला किती अल्बम?

(वस्तीतल्या एका गायन पार्टीच्या पोरापोरींसमोर केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलं आहे, फक्त थोडं नीट करून.)



मला बोलावताना विषय दिला होता 'संगीत आणि समाज'. असल्या विषयावर बोलायला विद्यापीठात पगारी माणसं बसलेली आहेत, ती बोलतील. पण निमंत्रण द्यायला आलेल्या पोरानं जिना उतरता उतरता एक प्रश्न टाकला. म्हणाला, "दादा, एका कंपनीनं कागद दिलाय. महिन्याला एक गाणं, वर्षाअखेरीस एक अल्बम, असं तीन वर्षं. वर्षाला एक अल्बम म्हणजे बरोबर आहे की जास्ती होतंय? सही करू का?" हा खरा विषय. आज मी ह्याच्यावरच बोलणार.

आधी माझ्या मामाचं सांगतो. मामाची गायन पार्टी होती. हार्मोनियम, ढोलकी, मागं झील धरायला दोघं. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि आपल्या वस्त्यांत घरोघरी टेप आला. मग फेब्रुवारी लागला की एका कॅसेट कंपनीचा माणूस मामाला शोधत यायचा. १४ एप्रिलसाठी आठ गाणी, चार ह्या बाजूला, चार त्या बाजूला. एका दिवसात रेकॉर्डिंग, हातावर ठोक रक्कम, कागदावर सही. नोव्हेंबरात पुन्हा तोच माणूस, आता ६ डिसेंबरसाठी. मधल्या दिवसांत मामा जगला काय, मेला काय, कुणी विचारत नव्हतं. चाली बांधायला वेळ नसायचा, म्हणून चालू सिनेमातली चाल उचलायची आणि त्यावर शब्द बसवायचे. मामाला ठाऊक होतं की त्याची बरी गाणी कॅसेटवर गेलीच नाहीत. ती रात्रीच्या कार्यक्रमात जमली, लोकांनी दोनदोनदा म्हणायला लावली, आणि हवेत गेली. आज त्यातलं एक गाणं मोबाईलवर वाजतं. खाली मामाचं नाव नाही. कुणाचं तरी चॅनेल आहे आणि ऐकणारांचा आकडा लाखांत आहे.

म्हणजे मामानं वर्षाला दोन कॅसेटी काढल्या. जास्ती काढल्या का कमी? हा प्रश्नच मला पटत नाही. मामाचं साल कुणी आखलं, हे विचारा.

गाणारानं कितीदा नवं काढायचं, हे आजवर गाण्यानं फार कमी वेळा ठरवलं. यंत्रानं ठरवलं, आणि यंत्र ज्याचं त्यानं ठरवलं. जुन्या ७८ च्या तव्याच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, म्हणून गाणं तीन मिनिटांचं झालं. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले आली, एका बाजूला वीसेक मिनिटं. आता कंपनीला एका वेळी दहा-बारा गाणी लागायला लागली. बीटल्सनी इंग्लंडात १९६३, ६४ आणि ६५ ह्या तीन सालांत दर साली दोन, अशा सहा लाँग प्ले दिल्या. पोरं हुशार होती म्हणून निभावलं. पण रतीब तो रतीबच.

आता काळ्या माणसांकडे वळतो. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. नाव घेतलं, त्यांच्या कविता वाचल्या. पण त्यांच्या गाणारांनी कंपन्यांशी काय झुंज दिली, ते आपण धड वाचलं नाही. तुमच्या कागदाला उपयोगी पडेल असं सगळं तिथं आहे.

मिनिआपोलिस हे अमेरिकेतलं कडाक्याच्या थंडीचं शहर. तिथला प्रिन्स. १९७८ साली, वयाच्या १९ व्या वर्षी त्याचा पहिला अल्बम वॉर्नर ब्रदर्सनं काढला. जवळजवळ सगळी वाद्यं त्यानंच वाजवली होती. तिथून १९९२ पर्यंत त्यानं १४ अल्बम दिले. पंधरा सालांत १९८३ हे एकच साल रिकामं गेलं. १९८६ साली त्यानं तीन तबकड्यांचा अल्बम तयार करून कंपनीपुढे ठेवला. कंपनी म्हणाली, तीन नको, दोन कर. त्यातून १९८७ चा 'साइन ओ द टाइम्स' आला. म्हणजे इथं गंगा उलटी वाहत होती. मामाकडे कंपनी मागायची, आणि प्रिन्सला कंपनी थांबवायची.

का थांबवायची? कंपनीचा हिशेब सरळ होता. एका अल्बमवर जाहिरात करायची, रेडिओवर एकेक गाणं चालवायचं, दौरा काढायचा, वर्षभर तो माल विकायचा. मधेच दुसरा आला तर पहिला मरतो. हा हिशेब खोटा नव्हता, खुळाही नव्हता. पण तो दुकानदाराचा हिशेब होता. ज्याच्या डोक्यात रोज गाणं उगवतंय त्यानं ते दोन वर्षं कपाटात का ठेवायचं, ह्याचं उत्तर त्यात नव्हतं. १९९३ साली प्रिन्सनं नाव टाकून दिलं, नावाच्या जागी एक चिन्ह घेतलं. नंतर गालावर 'स्लेव्ह', म्हणजे गुलाम, असं लिहून तो लोकांसमोर उभा राहिला.

खरं सांगतो, मला हे आधी खटकलं. कोट्यवधी डॉलरचा करार खिशात असलेला माणूस स्वतःला गुलाम म्हणवतो? वेठ म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको, आपल्या आज्या-पणज्यांनी ती पाठीवर काढली. पण मग मी त्याच्या भांडणाचं मूळ बघितलं. रेकॉर्डिंगच्या मूळ टेपला त्यांच्या धंद्यात मास्टर म्हणतात, आणि मालकालाही मास्टरच म्हणतात. त्यानं स्वतःच्या घामानं केलेल्या टेपा त्याच्या नव्हत्या. कधी काढायच्या, किती काढायच्या, काढायच्या की नाही, हे टेपवाला ठरवणार. पैसा भरपूर मिळाला तरी हुकूम दुसऱ्याचाच. हे आपल्याला कळायला हवं, कारण आपल्यात आता बरी नोकरी लागली की माणूस हुकुमाचं विसरतो.

१९९६ साली करार संपला. त्याच साली नोव्हेंबरात त्यानं 'इमॅन्सिपेशन' काढला. नावाचा अर्थच मुक्ती. तीन सीड्या, प्रत्येक सीडी बरोबर एक तासाची, एकूण ३६ गाणी. दहा वर्षांपूर्वी तीन तबकड्या नाकारल्या होत्या, त्याचं हे व्याज. त्यातली सगळी ३६ गाणी उत्तम आहेत असं मी म्हणणार नाही. मोकळा सुटलेला माणूस थोडा जास्तीच धावतो. पण २०१४ साली तो वॉर्नरकडे परत गेला तेव्हा जुन्या मूळ टेपांचा हक्क पदरात पाडूनच गेला. २०१६ साली तो वारला तेव्हा त्याच्या तिजोरीत न काढलेल्या गाण्यांचा ढीग निघाला.

दुसरा माणूस, स्टीव्ही वंडर. जन्मांध म्हणावा असा. ११ व्या वर्षी मोटाऊन कंपनीत घेतला. १९७१ साली २१ वर्षांचा झाला, पोरपणीचा करार संपला. त्यानं लगेच नव्यावर अंगठा उठवला नाही. थांबला, घासाघीस केली, आणि गाणं कसं करायचं ते मी ठरवणार हे कबूल करून घेतलं. मग काय झालं? १९७२ साली दोन अल्बम, ७३ ला एक, ७४ ला एक. अधिकार हातात आल्यावरही वेग टिकला. आणि त्याच अधिकारानं तो पुढं थांबलाही. 'साँग्ज इन द की ऑफ लाइफ'साठी दोन वर्षं घेतली, १९७६ साली काढला. त्या सालच्या ग्रॅमी समारंभात पॉल सायमनला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं बक्षीस मिळालं. त्यानं यंदा अल्बम न काढल्याबद्दल जाहीरपणे स्टीव्हीचे आभार मानले! बघा, न काढणं हीसुद्धा ताकद असते, पण ती ज्याच्या हातात निवड आहे त्याची.

आणखी एक सांगतो, तुम्हाला जवळचं वाटेल. १९८० सालच्या अल्बमात स्टीव्हीनं मार्टिन ल्यूथर किंगच्या जयंतीचं गाणं घातलं. नुसतं गायला नाही, जयंतीला राष्ट्रीय सुट्टी द्या म्हणून मोर्चात उतरला. १९८३ साली कायदा झाला, १९८६ पासून सुट्टी सुरू झाली. जयंतीची गाणी म्हणजे हलक्या दर्जाचा मोसमी माल, असं नाक मुरडणारे आपल्यातही झालेत. त्यांना हे सांगा.

पण काही गाण्यांना थांबता येत नाही. १५ सप्टेंबर १९६३ ला बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये गोऱ्या वंशद्वेष्ट्यांनी बॉम्ब लावून चार काळ्या मुली मारल्या. नीना सिमोननं त्या संतापात 'मिसिसिपी गॉडॅम' लिहिलं, तासाभरात. ४ एप्रिल १९६८ ला किंगचा खून झाला. तिच्या बेसवाल्यानं गाणं लिहिलं आणि तिसऱ्या दिवशी, ७ तारखेला, तिनं ते लोकांपुढं गायलं. तिथं कुणी विचारलं नाही की मागच्या अल्बमला किती महिने झाले.

डीअँजेलोचं उलटं. १९९५, मग २०००, मग १४ वर्षं काही नाही. लोक म्हणाले, संपला. 'ब्लॅक मसाया' २०१५ साली यायचा होता. पण २०१४ च्या नोव्हेंबरात फर्ग्युसनमध्ये मायकेल ब्राउनला गोळ्या घालणाऱ्या पोलिसावर खटला भरायचाच नाही असं ठरलं, रस्ते पेटले, आणि त्यानं तो अल्बम १५ डिसेंबरलाच काढला. चौदा वर्षं धीर धरणारा माणूस आणखी वाट बघायला तयार नव्हता. २०२५ साली तो गेला. सबंध आयुष्यात तीन अल्बम. कमी काढले म्हणाल?

आता आजचा मालक बघा. तो दिसत नाही, तो मोबाईलमध्ये बसलेला आहे. २०२० साली स्पॉटिफायच्या तेव्हाच्या प्रमुखानं सांगून टाकलं की तीन-चार वर्षांतून एकदा अल्बम काढून भागेल असे दिवस गेले, लोकांसमोर सतत राहायला हवं. शहाणपणाचा सल्ला वाटतो ना? पण त्याचं दुकान रोज नव्या मालावर चालतं. गाणं तीस सेकंद ऐकलं तर ते मोजलं जातं, म्हणून पोरं आता तीस सेकंदांपुरतीच चाल बांधायला लागली. २०२४ पासून तिथं वर्षात एक हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचा छदामही मिळत नाही. म्हणजे वस्तीतल्या पोरानं महिन्याला एक गाणं टाकत राहायचं, दुकान भरायचं, आणि गल्ला दुसऱ्याचा. मामाला निदान ठोक रक्कम तरी मिळत होती, च्यायला.

तर त्या पोराच्या प्रश्नाला माझं उत्तर.

गाणं आणि अल्बम ह्या दोन गोष्टी वेगळ्या धरा. अत्याचार झाला, मोर्चा निघाला, जयंती आली, तर गाणं त्याच आठवड्यात काढा. रेकॉर्डिंग कच्चं असलं तरी चालेल. अल्बमची घाई करू नका. वर्ष-दीड वर्ष गाणी लोकांपुढं गा. जी लोक परत मागतील आणि जी एकमेकांना धरून उभी राहतील, तेवढीच घ्या. ती आठ झाली तर आठ, दोन वर्षं लागली तर दोन.

आणि कागदाचं. आकड्याला सही करू नका. वर्षाला बारा गाणी हा आकडा पाळण्याच्या नादात तुम्ही चाली चोरायला लागाल, मामासारखे. मूळ रेकॉर्डिंग कुणाचं, हे आधी विचारा. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आहे. गाणं लिहिणारानं आणि चाल बांधणारानं रॉयल्टीचा आपला वाटा कंपनीला लिहून दिला, तरी ते लिहून देणं चालत नाही. हक्क किती वर्षांसाठी दिला हे कागदावर नसेल तर पाचच वर्षं धरतात. आणि कंपनीनं घेतलेला हक्क वर्षभर वापरलाच नाही तर तो सुटतो, पण कागदात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. ते वेगळं लिहिलेलं वाक्य बारीक अक्षरात असतं. ते शोधा. वकील पोरगा-पोरगी आता आपल्या प्रत्येक वस्तीत आहे, त्यांना चहा पाजा आणि वाचायला लावा.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, दादा, पोट कसं भरायचं? रास्त आहे. सही करून महिना पैसे येणार असतील आणि घरी चूल थंड असेल, तर मी तुम्हाला भेकड म्हणणार नाही. मामालाही मी कधी म्हटलं नाही. फक्त तीन वर्षांच्या जागी एक वर्ष मागा, अल्बमच्या जागी चार गाणी मागा, आणि मूळ रेकॉर्डिंगवर तुमचं नाव मागा. देत नसतील तर पुढच्या कार्यक्रमाला झोळी फिरवा. लोक देतात.

वामनदादा कर्डक गावोगाव फिरले, हजारो गाणी रचली. २००४ साली गेले. दादा, यंदा किती अल्बम, असं त्यांना विचारायची कुणाची छाती झाली असती? लोक एवढंच विचारायचे, दादा, नवं काय आणलंय? हा प्रश्न जोवर वस्ती विचारते आहे तोवर ठीक. तो कंपनी विचारायला लागली की कागद नीट वाचा.

तो पोरगा आज इथं पुढंच बसलाय. कागद त्याच्या खिशात आहे, अजून सही नाही. भाषण संपलं की सगळे इथंच थांबा, आपण तो मोठ्यानं वाचू.