लॅपटॉपच्या बॅटरीची प्रकृती

आपल्या घरात आज निदान तीन तऱ्हेच्या बॅटऱ्या नांदत असतात, आणि तिघींचे स्वभाव अगदी निराळे आहेत. भिंतीवरच्या घड्याळात असतो तो कोरडा सेल. तो संपला की टाकून द्यावयाचा. जिन्याखाली इन्व्हर्टरला जोडलेली असते ती शिशाची आणि आम्लाची जडशीळ बॅटरी. आणि टेबलावरच्या लॅपटॉपच्या पोटात असते ती लिथियम-आयनची. घोटाळा असा होतो की, एकीचे पथ्य आपण बिनदिक्कत दुसरीला लावतो. वैद्याने आजोबांना दिलेली पुडी नातवाला चाटवावी, त्यातलाच हा प्रकार!

“बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जर लावू नये” हे तुम्ही ऐकले असेल. “नवी बॅटरी पहिल्यांदा आठ तास लावून ठेवावी” हेही ऐकले असेल. हे सांगणारे खोटे बोलत नाहीत, बरं का! फक्त ते बोलतात दुसऱ्याच बॅटरीविषयी. स्वीडनच्या युंगनर नावाच्या संशोधकाने १८९९ साली निकेल-कॅडमियमची बॅटरी तयार केली आणि पुढे ती कितीतरी वर्षे बिनतारी यंत्रांतून वापरात होती. तिला पुनःपुन्हा अर्धवट वापरून भरले की तिची ताकद अर्ध्यातच ओसरू लागे. म्हणून ती मधूनमधून पूर्ण रिकामी करावी लागे. लिथियम-आयनची बॅटरी १९९१ साली सोनी कंपनीने बाजारात आणली. गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना तिच्याबद्दल २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिकही मिळाले. तिला हा जुना दोष नाही. पण दोष गेला तरी पथ्य मात्र मागे राहिले!

मग हिला कशाचा त्रास होतो? दोनच गोष्टींचा म्हणा ना : एक, सदैव काठोकाठ भरलेले राहणे; आणि दुसरी, उष्णता.

याचे कारण आत डोकावले म्हणजे कळते. बॅटरीत एका बाजूला ग्रॅफाइट असते. वहीची पाने एकावर एक असावीत तसे त्याचे पापुद्रे असतात. दुसऱ्या बाजूला बहुधा कोबाल्टसारख्या धातूचे संयुग असते. चार्ज करताना लिथियमचे कण त्या संयुगातून निघून ग्रॅफाइटच्या पानांमध्ये जाऊन बसतात. वापरताना ते परत घरी येतात. ही ये-जा ज्या द्रवातून होते तो द्रव मोठा नाजूक. सेल पूर्ण भरला की त्याचा दाब सुमारे ४.२ व्होल्टपर्यंत चढतो, आणि त्या दाबाखाली द्रव हळूहळू विघटित होऊ लागतो. ग्रॅफाइटवर त्याचे एक पुट चढते. या पुटात थोडेथोडे लिथियम अडकते, ते कायमचेच. बॅटरी म्हातारी होते म्हणजे हेच होते. त्यात उष्णतेची भर पडली की हे सारे झपाट्याने चालते.

बॅटरीच्या अभ्यासकांत प्रचलित असलेले एक कोष्टक येथे सांगण्याजोगे आहे. ४० टक्के भरलेली बॅटरी २५ अंश तपमानात वर्षभर नुसती ठेवली, तर तिची सुमारे ९६ टक्के शक्ती शिल्लक राहते. पूर्ण भरून ठेवली तर ८० टक्के. आणि पूर्ण भरलेली ४० अंशांत ठेवली तर ६५ टक्केच. लक्षात घ्या, यात बॅटरी कोणी वापरलेलीच नाही! मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेथील पत्र्याच्या खोलीत तिचे काय होत असेल?

माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी हप्त्यांवर लॅपटॉप घेऊन दिला होता. मुलगी मोठी काळजीवाहू. चार्जर रात्रंदिवस लावलेला, आणि यंत्राला ओरखडा पडू नये म्हणून खाली गोधडी! बहुतेक लॅपटॉपच्या तळाशी हवेची छिद्रे असतात, ती गोधडीने बुजली. दोन वर्षांत बॅटरी वीस मिनिटांवर आली, आणि ऑनलाइन चाचणी चालू असताना गावातली वीज गेली. नवी बॅटरी काही हजारांना पडते. चाचणी काही पुन्हा झाली नाही.

आता कोणी म्हणेल, रात्रभर चार्जर राहिला तर बॅटरी फुटेल काय? तशी भीती नको. शंभर टक्के झाले की आतले मंडल चार्जिंग आपोआप थांबवते. नुकसान होते ते भरल्या पोटी बसून राहण्याने. यावर सोपा उपाय म्हणजे, आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय असते. लेनोव्हो तिला ‘कन्झर्व्हेशन मोड’ म्हणते, इतरांची नावे निराळी. तुमचा लॅपटॉप सदा टेबलावरच असेल तर ही सोय आजच चालू करा. प्रवासाला निघायचे असेल, किंवा भारनियमनाचा दिवस असेल, तर खुशाल शंभर करा. बॅटरी आपल्यासाठी आहे, आपण बॅटरीसाठी नाही. एरवी २० ते ८० च्या दरम्यान जमेल तसे ठेवावे. दर पाच मिनिटांनी आकडा पाहत बसण्याचे काही कारण नाही.

सुटीत लॅपटॉप कपाटात ठेवायचा असेल, तर निम्मा भरून आणि पूर्ण बंद करून ठेवावा. अगदी रिकामा ठेवू नये. तो आतल्या आत आणखी उतरत जातो आणि मग मुळीच जागा होत नाही. इन्व्हर्टरचे मात्र याच्या उलट! ती शिशाची बाई सदैव भरलेलीच हवी. उतरलेली ठेवली की तिच्या पट्ट्यांवर गंधकाचे कठीण क्षार साचतात.

आपली बॅटरी किती थकली आहे हे विंडोजवर घरबसल्या पाहता येते. काळ्या आज्ञापटलावर ‘पॉवरसीएफजी’, मग मोकळी जागा, मग तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ असे रोमन लिपीत टंकावे. जो अहवाल तयार होतो त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे असतात. पहिला जन्माच्या वेळचा, दुसरा आजचा. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीची तजवीज करावी, आणि ती ओळखीच्या, पावती देणाऱ्या दुकानातूनच घ्यावी.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. लॅपटॉपचा तळ टेबलावर डुगडुगू लागला, टचपॅड वर उचलले गेले, झाकण नीट मिटेना, तर आतली बॅटरी फुगली आहे असे समजा. आत वायू साठलेला असतो, आणि तो द्रव पेट घेणारा असतो. चार्जर तात्काळ काढा, यंत्र बंद करा. तिला दाबू नका, टोचू नका, घरी उघडू नका. जाणत्या दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या. आणि काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा ती कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा ई-कचऱ्याच्या संकलन केंद्रात नेऊन द्या. नेताना तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे वाटेत किल्ल्यांशी वा नाण्यांशी तिची गाठ पडणार नाही.