मंत्री कोणत्या मापाने मोजावा?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



सकाळच्या बैठकीत एक ठराव आला. आपल्या भागात मंत्र्यांनी दोन रस्ते केले, एक सभामंडप बांधला, प्राथमिक आरोग्य केंद्राला कुंपण घातलं. तेव्हा त्यांचा जाहीर सत्कार करावा. ठराव मांडणारा कार्यकर्ता आपलाच आहे, प्रामाणिक आहे. त्याच्या गावाला पावसाळ्यात चिखल तुडवावा लागायचा, तो आता लागत नाही. त्याला आनंद झाला, यात चूक काही नाही. पण ठराव मताला टाकण्याआधी मला एक प्रश्न विचारायचा आहे. मंत्र्याचं काम आपण कोणत्या मापाने मोजायचं? कापूस मोजायला काटा आहे, जमीन मोजायला साखळी आहे. मंत्री मोजायला आपल्याकडे काय आहे? हार किती जाड, यावर मोजणार का?

मी आज तुम्हाला एका मंत्र्याची गोष्ट सांगणार आहे. तो आपल्या राज्यातला नव्हता, आपल्या जातीपातीतला नव्हता, आणि त्याला जाऊन आता ८० वर्षं होत आली किंवा झाली म्हणा. त्यामुळे त्याची स्तुती करून मला कुठलं तिकीट मिळणार नाही. त्याचं नाव चौधरी छोटूराम.

१८८१ साली रोहतक जिल्ह्यातल्या गढी सांपला गावी, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी हा मुलगा जन्मला. त्याच्या लहानपणची एक गोष्ट तिकडे घरोघर सांगतात. मुलगा परीक्षा पास झाला, पुढे शिकायचं म्हणाला. बाप त्याला घेऊन सावकाराकडे गेला. उन्हाळ्याचे दिवस. सावकाराच्या डोक्यावर छताला टांगलेला पंखा, दोरीने ओढायचा. सावकाराचा स्वतःचा मुलगा तिथेच बसलेला. पण सावकाराने दोरी फेकली ती छोटूरामच्या बापाकडे : ओढ. आणि बाप ओढू लागला. मुलगा भडकला. तुमचा तरणा मुलगा रिकामा बसलाय आणि तुम्ही माझ्या म्हाताऱ्या बापाकडून पंखा ओढून घेता?

भावांनो, कर्ज म्हणजे आकडा नव्हे. कर्ज म्हणजे ती दोरी. ती हातात आली की माणूस मान वर करून बोलत नाही. तुमच्यापैकी किती जणांनी ती दोरी ओढली आहे, हे मी विचारत नाही. हात वर करायला लाज वाटेल, आणि लाज वाटण्याचं कारण तुमच्याकडे नाही.

हा मुलगा शिकला, वकील झाला, १९१६ साली त्याने ‘जाट गॅझेट’ नावाचं पत्र काढलं. १९२३ साली फझ्ल-ई-हुसेन यांच्याबरोबर युनियनिस्ट पक्ष उभा केला. हिंदू, मुसलमान, शीख, सगळ्यांचा पक्ष. १९२४ ते १९२६ तो पंजाबचा शेतीमंत्री होता. मग १९३७ पासून विकास खात्याचा आणि पुढे महसूल खात्याचा मंत्री. ९ जानेवारी १९४५ ला लाहोरला वारला तेव्हा तो मंत्रीच होता.

त्या काळचा पंजाब कसा? कालवे होते, गहू होता, आणि तरी शेतकरी बुडालेला. माल्कम डार्लिंग नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९२०च्या दशकात हिशेब मांडला : पंजाबच्या शेतीवर सुमारे ९० कोटी रुपयांचं कर्ज. त्यावर १९२९ नंतरची मंदी आली आणि गव्हाचा भाव निम्म्याच्या खाली घसरला. भाव निम्मा झाला म्हणजे काय झालं? न काढलेलं कर्ज दुप्पट झालं. काल १० पोत्यांत फिटणारं कर्ज आज २० पोती मागू लागलं. शेतकऱ्याने काही उधळपट्टी केली नव्हती. हे गणित तुम्हाला नवीन नाही.

आता हा मंत्री काय करू शकला असता? गावोगाव धर्मशाळा बांधता आल्या असत्या. दुष्काळात तगाई वाटता आली असती. तेही त्या सरकारने केलं. पण त्याने हात घातला तो मुळाला. चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट वही. सावकार काय लिहितो, हे शेतकऱ्याला कधी दिसतच नसे. १९३० च्या कायद्याने सावकाराला नीट हिशेब ठेवणं आणि दर सहा महिन्यांनी कुळाला उतारा देणं भाग पडलं. १९३४ च्या कर्जनिवारण कायद्याने मुद्दलाच्या दुपटीपेक्षा जास्त वसुलीला कोर्टाचा दरवाजा बंद करायला सुरुवात केली, आणि तडजोडीची मंडळं नेमली. या दोन्ही वेळी छोटूराम मंत्री नव्हते. कौन्सिलात बसून त्यांनी हे रेटलं. खुर्चीशिवाय काम होत नाही म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. पुढे १९३८ साली, मंत्री असताना, सावकाराला नोंदणी आणि परवाना सक्तीचा केला. परवाना नाही, तर वसुलीसाठी कोर्ट नाही.

दुसरी गोष्ट जमीन. ८ जून १९०१ पूर्वी गहाण पडलेल्या जमिनी पिढ्यान् पिढ्या सावकाराकडे होत्या. आजोबाने अंगठा दिला, नातू त्याच रानात मजुरी करी. १९३८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करून ती जमीन सोडवता येऊ लागली. सावकाराने एवढ्या वर्षांत जमिनीतून मुद्दलाच्या दुप्पट खाल्लं असेल, तर त्याला आणखी काही देणं नाही. शेतकऱ्यांनी त्यांना सोनेरी कायदे म्हटलं, सावकारांनी काळे कायदे. कायदा तोच. मापं दोन.

तिसरी गोष्ट बाजार. हे सांगताना मला आपल्या वऱ्हाडाचा अभिमान वाटतो, कारण कापसाच्या बाजाराचं नियमन आपल्याकडे कारंज्याला १८८६ साली सुरू झालं आणि वऱ्हाडचा बाजार कायदा १८९७ चा. पण तेव्हा हेतू काय होता? मँचेस्टरला चांगला कापूस मिळावा! १९३९ च्या पंजाबच्या कायद्याचा रोख वेगळा होता. मंडीत गाडी उभी राहिली की तोलाई, हमाली, धर्मादाय, गोशाळा, पाठशाळा, सगळी पुण्याई शेतकऱ्याच्या पोत्यातून. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरे. ज्याचा माल त्यालाच भाव कळत नसे. छोटूरामांनी बाजार समितीत दोन तृतीयांश जागा शेतकऱ्यांना दिल्या आणि कपाती ठरवून दिल्या. व्यापाऱ्यांनी रान उठवलं. शेतकरी आपल्या शेजारी खुर्चीवर बसणार, हेच त्यांना सोसत नव्हतं.

चौथी गोष्ट भाव. १९४३ साल, महायुद्ध चालू. दिल्लीच्या सरकारला गव्हाचा भाव बांधून हवा होता. बंगालमध्ये माणसं उपाशी मरत होती, तेव्हा तो प्रश्न हलका नव्हता, आणि आपणही तो हलका करू नये. छोटूरामांचं म्हणणं असं की, शेतकऱ्याला विकत घ्यावं लागणारं कापड आणि लोखंड मोकळ्या भावाने, आणि फक्त त्याचा गहू बांधलेल्या भावाने, हा कुठला न्याय? सांगतात की व्हाइसरॉयसमोरच त्यांनी ठणकावलं, पडत्या भावाने गहू देण्यापेक्षा उभी पिकं जाळू. शब्द नेमके काय होते, ते जाऊ द्या. उपाशी माणसाचं पोट भरायचंच आहे, पण त्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या खिशातून का, हा प्रश्न त्या मंत्र्याने सरकारात बसून विचारला. आज किती मंत्री विचारतात? आपल्या कांद्याची निर्यात डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली, तेव्हा कोण बोललं?

आणि एक शेवटची सही. रोहतक-हिसारच्या कोरड्या मुलखाला पाणी द्यायचं तर सतलजवर भाक्राचं धरण हवं, आणि त्यासाठी बिलासपूरच्या राजाशी करार. त्या कामावर मरणाच्या आदल्या दिवसापर्यंत ते झटत होते. धरण राष्ट्राला अर्पण झालं १९६३ साली. फीत कापायला ते नव्हते. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी एक निधीही त्या सरकारने उभारला होता. झंगचा अब्दुस सलाम त्यातल्या शिष्यवृत्तीवर १९४६ साली केंब्रिजला गेला आणि १९७९ साली त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता, मायबहिणींनो, मी आरती ओवाळायला आलेलो नाही. माप दोन्ही बाजूंनी लावायचं. पंजाबचा जमीन हस्तांतरण कायदा जातीवर उभा होता. सरकारने ज्यांना शेतकरी जमाती म्हणून नोंदवलं, तेच जमीन विकत घेऊ शकत. रानात राबणारा दलित मजूर त्या यादीत नव्हता. छोटूरामांनी ती यादी मोडली नाही, उलट तिचाच आधार घेतला. त्यांच्या पक्षात मोठे जमीनदारही होते, आणि बनिया सावकार हटला तिथे अनेक ठिकाणी जमीनदारच सावकार झाला. भाक्राच्या पाण्याखाली जुनं बिलासपूर गाव गेलं. कोयनेची माणसं काय भोगतात हे आपल्याला माहीत आहे. हे सगळं वजा करा. वजा करूनही जे उरतं, ते मोठं आहे.

आणि कायदासुद्धा झिजतो, हेही पाहा. शेतकऱ्याला सावकार-व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवायला बाजार समिती आली. आपल्याकडे १९६३ चा कायदा झाला. पुढे किती समित्या पुढाऱ्यांच्या वाड्यावर गेल्या, हे कोणी सांगायला नको. २०१६ साली फळं-भाज्या समितीच्या बाहेर विकायला मोकळीक मिळाली. उलट २०२० साली केंद्राने कायदे केले, तेव्हा पंजाब-हरियाणाचा शेतकरी मंडी वाचवायला दिल्लीच्या वेशीवर वर्षभर बसला आणि २०२१ साली ते कायदे मागे घ्यावे लागले. कोण बरोबर, यावर आपल्यातही दोन मतं आहेत. ती भांडणं आपण उघड भांडू. पण तिकडचा शेतकरी मंडीसाठी का बसला, हे छोटूराम कळल्याशिवाय कळणार नाही. त्याच्या आजोबाला त्या मंडीत पहिल्यांदा खुर्ची मिळाली होती.

तेव्हा माप असं ठरवू. मंत्री आला की तीन प्रश्न विचारायचे. एक : तुमच्या कामाने आमच्या मालाच्या भावात किंवा आमच्या कर्जात काय फरक पडला? दोन : जे केलंत ते हक्क म्हणून दिलंत की उपकार म्हणून? रस्ता तुमच्या मर्जीने आला असेल, तर तुमच्या नाराजीने खड्डेही येतील. हक्क असेल तर तुम्ही पडलात तरी तो उरेल. तीन : आमच्यातला जो सगळ्यात खाली आहे, भूमिहीन आहे, जिच्या नावावर सातबारा नाही, तिच्यापर्यंत ते पोचलं का? या तिसऱ्या प्रश्नावर छोटूरामही अडखळले असते. म्हणून तो गाळायचा नाही.

आणि एक काम आपलं. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात, सावकारीच्या पोटी लाटलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद आहे. अर्ज जिल्हा उपनिबंधकाकडे करायचा. आपल्या तालुक्यात अशी प्रकरणं किती, हे या मेळाव्यात कुणाला सांगता येईल का? येत नसेल, तर दोष मंत्र्याचा एकट्याचा नाही. दर गावाने पुढच्या बैठकीपर्यंत यादी करून आणावी. कागद नसेल तरी नाव आणावं, गट क्रमांक आणावा.

सकाळचा ठराव मागे घ्या, असं मी म्हणत नाही. त्यात दुरुस्ती सुचवतो. रस्त्याबद्दल आभाराचं पत्र द्यावं, कारण चिखल खरोखर गेला. पण सत्कार त्या दिवशी करू, ज्या दिवशी ती यादी घेऊन आपण मंत्र्यांपुढे उभे राहू आणि त्यातली पहिली जमीन मूळ मालकाच्या नावावर परत चढेल. त्या दिवशी हार मी स्वतः आणीन.

तोवर आपल्यापैकी कुणीही कुणाच्या पंख्याची दोरी ओढायची नाही. एवढं बोलून मी थांबतो.