आराखडा हेही लेखनच

पटकथाकार मित्रमैत्रिणींनो,

या करवीरनगरीत मी आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करते. याच गावात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२९ साली ‘प्रभात’ही इथेच जन्मली. बाबूराव मुळात चित्रकार. पात्रे, पोशाख, हालचाली ते आधी कागदावर रेखाटत. पुढे सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’साठी रीतसर पटकथा न बांधता रेखाचित्रे आणि टिपणांच्या वहीवर काम केले. शब्दांच्या आधी चित्र येणे हीसुद्धा पटकथेची एक वाट आहे.

दुसरी वाट आपल्या रोजच्या परिचयाची. आधी वनलाइन, मग सीन ऑर्डर, भिंतीवर कार्डे आणि शेवटी संवाद. कार्ड हलवायला क्षण पुरतो. लिहून झालेला प्रसंग हलवला की पुढची कितीतरी पाने पुन्हा लिहावी लागतात. मात्र कार्डाला फार जपले, तर पात्रे सांगितलेले तेवढेच करतात. काही जण म्हणूनच थेट पहिल्या खर्ड्याला हात घालतात. त्यांची माणसे जिवंत बोलतात, पण मध्यंतरानंतर कथा रेंगाळते आणि कात्री निष्ठुरपणे चालवावी लागते.

यातली कोणती वाट खरी? माझ्या मते ते कथेने ठरवावे. विजय तेंडुलकरांची दोन कामे पाहा. ‘सिंहासन’साठी (१९७९) त्यांच्यासमोर अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्या होत्या. तिथे कस होता तो काय गाळायचे याचा. पसरलेले राजकारण दिगू टिपणीस या पत्रकाराच्या नजरेत गोळा झाले. ‘अर्धसत्य’ (१९८३) मात्र श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या एका कथेवर उभा आहे. तिथे एका माणसाच्या आत उतरत कथा वाढवायची होती. लेखक एकच, पण दोन्हीकडचे काम वेगळे.

आराखड्याचे मोल ‘सेव्हन सामुराई’तही (१९५४) दिसते. त्याची पटकथा कुरोसावा, हाशिमोतो आणि ओगुनी या तिघांनी एका सरायीत मुक्काम ठोकून लिहिली. त्याआधी कुरोसावांनी एकेका सामुराईचा स्वभाव, पोशाख, बोलणे-चालणे वहीत भरून ठेवले होते. त्या वहीतली बरीचशी माहिती पडद्यावर कधीच आली नसेल. तरी पडद्यावरची माणसे उभी राहिली ती तिच्या बळावर.

म्हणून या परिषदेला माझी कळकळीची विनंती आहे. वनलाइन, सीन ऑर्डर, पात्रांची टिपणे हे सारे लेखनच आहे. आपल्याकडे बऱ्याचदा ते फुकट ऐकले जाते आणि मानधनाचा विषय निघतो तो बाउंड स्क्रिप्ट हातात पडल्यावर. आराखडा, पहिला खर्डा आणि पुनर्लेखन या प्रत्येक टप्प्याचे मानधन आणि मुदत करारात स्वतंत्रपणे लिहिली जावी, असा ठराव इथे चर्चेला यावा. नव्या लेखकाला विचार करायला वेळ मिळाला, तरच तो आपल्या कथेला साजेशी वाट निवडू शकेल. नाहीतर घाईत हाती लागेल ती वाट तो धरील.

आमच्या कार्यकर्त्यांनी मनापासून तयारी केली आहे. व्यवस्थेत काही उणे राहिले असेल, तर ते सांभाळून घ्यावे. आपण आलात, स्वागत समितीच्या वतीने मी आपली ऋणी आहे. चर्चा मोकळेपणाने होवो आणि ठराव पक्का होवो, ही सदिच्छा व्यक्त करून थांबते.