तोळाभर शिसे

बंदूक मी जन्मात चालवलेली नाही. पदार्थविज्ञान मात्र वीस वर्षे शिकवतो आहे. म्हणूनच की काय, अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात नोकरीस असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला पत्र घातले. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली. तिकडे परवाना काढून एल्क मारता येतो. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच गोत्रातले, पण अधिक थोराड जनावर. मोठा नर तीनशे किलोंच्या घरात भरतो. ह्या पठ्ठ्याने गेल्या वर्षी एकावर गोळी झाडली, ती खांद्याला लागली, आणि जनावर रक्त सांडीत रानात गेले. दोन दिवस शोधले, सापडले नाही. "सर, आता मोठी मॅग्नम रायफल घेऊ का?" असा त्याचा प्रश्न.

त्याची रायफल 'थर्टी-ऑट-सिक्स' काडतुसाची. अमेरिकन लष्कराने हे काडतूस 1906 साली घेतले, म्हणून नावात सहा. एल्कसाठी त्यात पुष्कळदा 180 ग्रेनची गोळी घालतात. 180 ग्रेन म्हणजे किती? बरोबर एक तोळा! आपला जुना चांदीचा रुपया तेवढ्याच वजनाचा. हा रुपया नळीतून सेकंदाला सुमारे 820 मीटर वेगाने सुटतो. 1963 साली निघालेल्या 'थ्री हंड्रेड विंचेस्टर मॅग्नम'मध्ये तोच 900 मीटरने जातो. वेग दहा टक्के वाढला की ऊर्जा एकवीस टक्के वाढते. नववीतला मुलगाही हे सांगेल. पण खांद्यावर बसणारा दणकाही वाढतो, आणि दणक्याची धास्ती घेतलेला माणूस चाप ओढतानाच डोळे मिटतो. मग ती जास्तीची ऊर्जा झाडात!

मी उलट विचारले, "गोळी कोणती होती?" निघाले असे की, लहान हरणांसाठी केलेली, हलकी आणि मऊ. इथेच घोटाळा आहे. गोळीने आत शिरून अळंबीसारखे फुलावयाचे असते. फार मऊ असली तर हाडावर फुटून तिचा चुरा होतो. फार कठीण असली तर दाभणासारखी आरपार जाते. त्याची बहुधा हाडावरच फुटली. जॉन नॉस्लर नावाच्या गृहस्थालाही 1946 साली कॅनडात हाच अनुभव आला. चिखलाने माखलेल्या मूसवर त्याच्या गोळ्या खोल जाईनात. मग त्याने तांब्याच्या कवचात मधोमध आडभिंत ठेवून पुढे-मागे शिसे भरले. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत घुसतो. 1948 पासून ती गोळी विकली जाते. आता निव्वळ तांब्याच्याही मिळतात. शिशाचे कण पोटात जाऊन कॉन्डॉर गिधाडे मरतात, म्हणून कॅलिफोर्नियाने 2019 पासून शिकारीत शिसे बंदच केले.

कोलोरॅडोच्या नियमांत एल्कला 85 ग्रेनची गोळीही बसते. नियमात बसते ती खांद्याच्या हाडाला पुरेल, असे थोडेच आहे?

तेव्हा मी लिहिले, "रायफल तीच ठेव, पैसे चांगल्या गोळ्यांत घाल. दोनशे मीटरवरून, जमिनीवर बसून, जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात दहापैकी दहा पडेपर्यंत रानात जाऊ नकोस. नेम खांद्याच्या मागे, फुप्फुसांवर. जनावर आडवे उभे नसेल तर जाऊ दे."

परवा त्याचे उत्तर आले. दहापैकी सात पडतात म्हणतो.