मैलाच्या पाट्या आणि आपला काटा

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज आपण कापसाच्या भावाचं बोलायला जमलो आहोत आणि मी सुरुवात करणार आहे इंग्लंडमधल्या रस्त्यावरच्या पाट्यांपासून. मागं बसलेले काहीजण हसले. हसा. पण हे बोलणं आपल्या काट्यापाशी येतं की नाही तेवढं बघा.

ज्या इंग्रजानं आपल्याला मैल, एकर आणि पौंड शिकवला, त्याच्याच घरात पन्नासाहून जास्त वर्षं भांडण चालू आहे. १९६५ साली तिथल्या सरकारनं दशमान मापांकडे जायचं ठरवलं. १९७३ साली वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरमध्ये करायच्या होत्या. १९७० च्या डिसेंबरातच सरकारनं ते गुंडाळून ठेवलं, ते आजपर्यंत. पेट्रोल लिटरनं विकत घ्यायचं, गाडी गॅलनला किती मैल जाते ते मोजायचं, शाळेत पोरांना मीटर शिकवायचा आणि रस्त्यावर पाटी लावायची यार्डाची. पुलाची उंची फक्त फुटात लिहिलेली, परदेशी ट्रकवाल्याला ती कळणार कशी? म्हणून २०१५ पासून उंचीच्या नव्या पाट्यांवर फुटाबरोबर मीटरही आलं. मैल मात्र हलला नाही.

बदल नको म्हणणारे सगळे अडाणी आहेत असं समजू नका. ते म्हणतात, पाट्यांचा खर्च कशाला, तोच पैसा खड्डे बुजवायला वापरा. यात चूक काय आहे? आणि दुसरं, जबरदस्ती नको. संडरलंड गावच्या बाजारात स्टीव्ह थोबर्न नावाचा भाजीवाला होता. गिऱ्हाईक पौंडात मागायचं, तो पौंडात केळी द्यायचा. २००० साली त्याचे काटे जप्त झाले, २००१ साली कोर्टानं त्याला दोषी ठरवलं. तो माप मारतो अशी तक्रार नव्हती. गुन्हा एवढाच की काटा पौंडाचा. मापात पाप करणारा सुटतो आणि मापाचं नाव चुकलेला अडकतो, हे आपल्याला काही नवं नाही.

आता शेजारचं आयर्लंड बघा. तिथं कित्येक वर्षं नव्या पाट्यांवर अंतर किलोमीटरमध्ये आणि वेगमर्यादा मैलात, असा खिचडा होता. त्यांनी आधी तारीख जाहीर केली आणि २० जानेवारी २००५ ला देशभर वेगाच्या पाट्या बदलल्या. नव्या गाड्यांचे काटेही किलोमीटरचे आले. अमेरिकेनं उलटं केलं. १९७५ साली कायदा केला, पण ज्याला वाटेल त्यानं पाळावा असा. १९७७ साली पाट्या बदलायचा विचार निघाला, लोकांची विरोधाची पत्रं आली, विचार मागं घेतला. ॲरिझोनात टूसॉन ते नोगालेस हा शंभरेक किलोमीटरचा एक रस्ता तेवढा किलोमीटरचा राहिला. त्यावरही वेगमर्यादा मैलातच! पुढं तो परत मैलावर आणायचं निघालं तेव्हा रस्त्यालगतचे धंदेवाले अडून बसले, कारण त्यांच्या जाहिरातीत फाट्यांचे नंबर किलोमीटरप्रमाणे छापलेले.

आपण हे सगळं कधीच उरकलं. १९५६ चा कायदा, १९५८ पासून किलो, १९६२ पर्यंत शेर-मण कायद्यातून गेले. मैलाच्या दगडावर किलोमीटर आले, आपण म्हणतो मात्र अजून मैलाचा दगड. मला विचाराल तर हा बदल शेतकऱ्याच्या फायद्याचा झाला. ह्या बाजाराचा मण वेगळा, त्या बाजाराचा वेगळा, पायलीही गावोगाव निराळी. अशा गोंधळात घेणाऱ्याचं फावतं, विकणारा बुडतो.

पण आपला खिचडा संपला का? सातबाऱ्यावर हेक्टर-आर, तोंडात एकर-गुंठे. मी स्वतः एका वर्षी ज्वारीत तणनाशक मारलं. कागदावर प्रमाण हेक्टरी होतं, मी ते एकरात ओतलं. म्हणजे जवळजवळ अडीच पट. तणाबरोबर ज्वारीही पिवळी पडली. चूक माझीच, पण दुकानातून निघताना एकरी किती, हे कुणी सांगितलंही नाही. हेक्टरी ५० किलो नत्र म्हणजे एकरी २०, म्हणजे युरिया साडेत्रेचाळीस किलो, एक पोतं. आणि पोतं म्हणजे किती? २०१८ साली ५० चं ४५ किलो झालं, नाव पोतंच राहिलं.

आता कापूस. न्यूयॉर्कचा भाव रुईचा, पौंडाला इतके सेंट. आपल्याकडं रुईचा सौदा खंडीत, म्हणजे ३५६ किलो. आपली गाठ १७० किलोची, अमेरिकेची ४८० पौंडाची, म्हणजे २१८ किलो. आणि तुम्ही-मी विकतो तो सरकीसकट कापूस, क्विंटलनं. चार मापं, चार भाषा. व्यापारी म्हणतो, बाहेर भाव पडला. आपण मान हलवतो, कारण हिशेब करता येत नाही.

वह्या काढा. खंडी म्हणजे ७८४ पौंड. बाहेर भाव ८० सेंट असेल तर खंडीला ६२७ डॉलर. एक क्विंटल कापसात साधारण ३४ किलो रुई, म्हणजे ७५ पौंड, म्हणजे ६० डॉलर. त्याला त्या दिवशीच्या रुपयाच्या भावानं गुणा. त्यात सरकीचे पैसे मिळवा. मग पिंजाई, वाहतूक, दलाली वजा करा. भाव बदलला तर ८० च्या जागी नवा आकडा घाला, बाकी रीत तीच. बाजाराला जायच्या आदल्या रात्री हे घरी, पोरांना बसवून करा. त्यांना जमतं.

झालं का लिहून? मागच्यांना ७८४ चा आकडा ऐकू आला नसेल तर शेजाऱ्याला विचारा. आता ज्या ज्या बाजारात मागच्या आठवड्यात कापूस घातला, तिथला भाव एकेकानं उठून सांगा, आपण फळ्यावर मांडू.