सुचतं सगळ्यांनाच, उरतं कुणाचं?

बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, अभ्यासिकेतून रूमवर चालत निघाला असाल, तर पाचेक मिनिटं माझ्यासोबत राहा.

तुमच्या मेसेजमध्ये एक प्रश्न फिरून फिरून येतो. "दादा, लिहायचंय, पण सुचतच नाही. काय करू?" यावर मी शहाणपण सांगणार नाही. माझी एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी गावी आत्याकडे गेलो होतो. त्या दिवशी तिची गाय विकली. दारात टेम्पो उभा, व्यापारी घाई करतोय. आत्यानं दावं सोडलं, गाईच्या मानेवरून हात फिरवला आणि तिच्या कानाशी एक वाक्य बोलली. मी शेजारीच होतो. अंगावर काटा आला. मनात म्हटलं, अरे, ही तर गोष्ट आहे! निवांत लिहू.

फोन खिशातच होता. पण संध्याकाळी मॅच पाहिली, रात्री रील्स बघत झोपलो. सकाळी वाक्य गेलेलं! अर्थ थोडाफार आठवत होता, शब्द नाहीत. आत्यालाच विचारलं, तर म्हणाली, "मी काही बोलले होते का? मला नाही रे आठवत."

त्या गाईवर मी चार वेळा गोष्ट लिहायला बसलोय. दर वेळी त्या जागी माझं वाक्य घालतो. वाईट नसतं, पण ते आत्याचं नसतं. गोष्ट अजून अर्धीच आहे.

म्हणजे मला सुचत नव्हतं असं नाही. समोर आलेलं मी धरून ठेवलं नव्हतं.

शाळेत आपण सगळ्यांनी बहिणाबाई चौधरींची कविता शिकलोय. 1880 चा जन्म, जळगावजवळचं असोदे गाव. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात राबताना, जात्यावर बसल्यावर, घरची कामं करताना त्या गाणी रचायच्या. शांत खोली, कॉफी, डोंगराचा व्ह्यू, असलं काही नव्हतं. हात कामात आणि डोकं मोकळं. हे आपल्याला आवडतं आणि आपण म्हणतो, वा, काय प्रतिभा!

पण या गोष्टीतला दुसरा माणूस आपण विसरतो. त्यांचा मुलगा सोपानदेव. तो स्वतः कवी. त्यानं आणि त्याच्या मावसभावानं ती गाणी कागदावर उतरवून घेतली. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या. पुढे सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये पुस्तक आलं. विचार करा, ती वही नसती तर? बाई तेवढ्याच प्रतिभावान असत्या, पण आपल्यापर्यंत काय आलं असतं?

आपल्याला वाटतं, लेखक व्हायचं म्हणजे बहिणाबाई व्हायचं. मला वाटतं, आधी स्वतःचाच सोपानदेव व्हायचं. ते आपल्या हातात आहे.

मी काय करतो ते सांगतो. कानावर काही पडलं की लगेच फोनमध्ये टाकतो. 'म्हातारा माणूस, गरिबी' असं लिहीत नाही, कारण महिन्याभरानं त्यातून काहीच उगवत नाही. बोललेले शब्द जसेच्या तसे लिहितो. परवा मेडिकलमध्ये एक आजोबा म्हणाले, "अर्धीच पट्टी द्या, उरलेली पगार झाल्यावर पोरगा नेईल." बास, एवढंच. या एका वाक्यात आजोबा आहेत, पोरगा आहे आणि महिन्याची 25 तारीखही आहे.

मात्र चोरून कुणाचा आवाज रेकॉर्ड करायचा नाही. आणि घरच्या माणसाचं दुखणं लिहिलं, तर ते जगाला दाखवण्याआधी त्या माणसाला वाचून दाखवायचं. तो नको म्हणाला, तर नको.

दर रविवारी मी त्या नोंदी वाचतो. खरं सांगू? दहातल्या आठ फालतू असतात. एखादी मात्र आठवडाभर टोचत राहते. तिच्यावर अर्धा तास लिहायचं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. जमलं नाही तरी अर्धा तास बसायचं. सोपानदेवांनी अत्र्यांना दाखवलं, तसं आपणही एका माणसाला दाखवायचं. हजार फॉलोअर नकोत. खरं बोलणारा एक मित्र पुरे.

प्रेरणा पाहुण्यासारखी असते असं म्हणतात. असेल. पण पाहुणा आल्यावर घरात कुणी नसेल, तर तो पुन्हा कशाला येईल?

आज रात्री झोपण्याआधी एक काम करा. दिवसभरात कुणाचं तरी बोललेलं एक वाक्य आठवा आणि लिहून ठेवा. मला पाठवू नका, स्वतःकडेच ठेवा.

मी पुढच्या आठवड्यात आत्याकडे जातोय. तिच्या गोठ्यात आता नवी कालवड आहे. या वेळी कान उघडे ठेवीन.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!