नळीची लांबी



बंदुकीच्या नळीची लांबी हा काही कवीचा विषय नव्हे, असे तुम्ही म्हणाल. पण भामरागडात राहणाऱ्या आणि घरात वडिलांच्या नावावरची ठासणीची बंदूक असलेल्या माणसाला हा विषय टाळता येत नाही. अब्बा गेले तेव्हा धानाच्या बांध्या आणि ही बंदूक आम्हा दोघा भावांकडे आली. बांध्यांचे वाटे चटकन ठरले. बंदुकीचे ठरेना.

धाकट्याचे म्हणणे सरळ होते. बंदूक छातीपर्यंत लांब आहे. मोटारसायकलवर नेता येत नाही, मचाणावर चढवताना फांदीत अडकते, पावसाळ्यात दारू सर्द झाली की बार उडत नाही. तेव्हा नळी हातभर कापावी, मागून काडतूस भरायची सोय करून घ्यावी, आणि हे सारे चोरून नव्हे, तर रीतसर परवानगी काढून करावे. "भाई, अर्ज तुम्हीच लिहा," तो म्हणाला. गावातले बरेच अर्ज माझ्याच हातचे असतात. पण अर्ज लिहायचा म्हणजे आधी कायदा वाचायला हवा.

आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ सालचा. त्याआधीचा इंग्रजांचा कायदा १८७८ सालचा होता. १९५९ च्या कायद्यातले सहावे कलम नेमके आमच्याच प्रश्नावर आहे. परवान्याशिवाय कोणालाही बंदुकीची नळी आखूड करता येत नाही. २०१९ साली या कलमात भर पडली: एका प्रकारच्या बंदुकीचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर करायलाही परवाना हवा. तो नसताना हे काम केले तर त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप. बंदूक आपली आहे आणि परवानाही आपला आहे, एवढे पुरत नाही. नळीला करवत लावणे हे कायद्याच्या दृष्टीने वेगळेच कृत्य आहे.

मग तेरावे कलम पाहिले. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर इतर अडचण नसताना परवाना द्यावा, असे ते सांगते. ठासणीची बंदूक पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते, आणि तिची नळी वीस इंचांपेक्षा कमी असून चालत नाही. वीस इंचांच्या आतल्या बंदुकीसाठी मात्र सबळ कारण दाखवावे लागते. म्हणजे शेतकऱ्यासाठी कायद्याने दार उघडे ठेवले आहे, पण ते लांब नळीच्या मापाचे आहे.

गंमत अशी, की हाच हिशेब जगाच्या दुसऱ्या टोकालाही मांडलेला आहे. अमेरिकेत पिस्तूल बाळगणे आपल्यापेक्षा पुष्कळच सोपे. पण त्याच पिस्तुलाला खांद्याला टेकवायचा दस्ता लावला आणि नळी सोळा इंचांहून आखूड असली, की तिकडचा कायदा तिला आखूड नळीची रायफल म्हणतो. हात लावण्याआधी अर्ज, फोटो, बोटांचे ठसे आणि केंद्र सरकारकडे नोंदणी, असे सारे करावे लागते. हा कायदा १९३४ सालचा. त्याच्या मूळ मसुद्यात पिस्तुलेही होती. रायफल कापून तिचे पिस्तूल करू नये, म्हणून नळीच्या मापाची अट घातली गेली. पुढे पिस्तुले वगळली गेली, आणि अट तेवढी राहिली. दोनशे डॉलरचा कर नव्वद वर्षे तसाच होता. २०२५ साली झालेल्या कायद्याने आखूड रायफलींवरचा तो कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य केला. नोंदणी मात्र ठेवली. तिकडचे हौशी लोक रूपांतर करावे की पिस्तूल आहे तसे ठेवावे, यावर तासन्‌तास खल करतात. आमच्या घरातही तेच चालले होते, फक्त डुकरांच्या निमित्ताने.

आता लोखंडाचे बोलू. ठासणीची नळी काळ्या दारूसाठी घडवलेली असते. काडतुसातल्या बिनधुराच्या दारूचा दाब कितीतरी जास्त. जुन्या नळीला मागून तोंड पाडून त्यात काडतूस घातले, तर ती फुटून चालवणाऱ्याचाच हात किंवा डोळा जायचा. आणि नुसती आखूड केली तर दारू पुरती जळत नाही, तोंडाशी जाळ मोठा होतो, नेम ढिला पडतो. मी कवी माणूस, ओळ छाटणे हा माझा रोजचा उद्योग. छाटल्याने ओळ सुधारते, नळी सुधारत नाही.

शिवाय आम्हाला बंदूक हवी कशाला? डुक्कर मारायला नव्हे. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला वेगळी परवानगी लागते. भामरागड अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वनखात्याकडेही नाव नोंदवावे लागते, आणि तिथे नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही. धान निसवल्यापासून कापणीपर्यंत रात्री एखादा बार आभाळाकडे काढायचा, कळप पांगवायचा, एवढेच अब्बांनी केले. त्या कामाला आवाज लागतो, आणि तो या बंदुकीत आहे. "ठासणीची पुरत नाही" असे अर्जात लिहायचे तर ते खरे असायला हवे. दारू कोरडी ठेवायला घट्ट झाकणाचा डबा पुरतो, हे धाकट्यालाही ठाऊक होते.

याहून मोठी गोष्ट या मुलखाची. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा जिथे मिळतात, त्या आमच्या गावाने अनेक वर्षे दोन बंदुकांमध्ये काढली. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ सतरा पोलीस मारले गेले. चकमकीनंतर जप्त झालेल्या शस्त्रांच्या यादीत भरमार बंदुका वारंवार असत. विनापरवाना भरमार जमा करा, असे आवाहन पोलीस गावोगाव करीत आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. पण माणसाच्या मनातली भीती एका दिवसात खाली ठेवता येत नाही.

अशा ठिकाणी लांब बंदुकीचा एक गुण असतो: ती लपत नाही. खांद्यावर घेऊन बांधीकडे निघालेला माणूस दुरून ओळखू येतो. गस्तीवरच्या शिपायाला दिसतो, शेजाऱ्याला दिसतो. तीच बंदूक कापून चादरीखाली मावेल एवढी केली, की बघणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, ही लपवायची का होती? परवान्याचा कागद खिशात असला, तरी अंधारात कागद कोण वाचतो?

धाकट्याला मी एवढेच विचारले, "तुला बंदूक न्यायला सोपी हवी आहे की राखायला?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "भाई, राखायला." ती कधी अपुरी पडलीच, तर तेराव्या कलमाने कारखान्यात बनलेली लांब नळीची बंदूक मागता येईल. जुन्या नळीला करवत लावायची गरज नाही.

मी अर्ज लिहिला, तो वारसाच्या नावे परवाना मिळावा म्हणून. असा परवाना वारसाला मिळू शकतो, अशी तरतूद २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. प्रयोजनाच्या रकान्यात अब्बांच्या वेळेचाच शब्द लिहिला: पीकसंरक्षण. नळीचे माप बदलायचे असते, तर आधी तो शब्द बदलावा लागला असता. त्याला आम्हा दोघांचीही तयारी नव्हती.